दोन फेऱ्यांचं कुलूप

बंगळूरच्या चिकपेटेत, कुलपांच्या गल्लीत, गिऱ्हाईक कुलूप हातात घेतं, वजन बघतं, चावी दोनदा फिरवतं आणि भावाला सुरुवात करतं. गुंडो हेब्बाळकर मात्र कुलूप कानाला लावून बसले होते.

दुकानाचा मालक गुरुप्रसाद वीस मिनिटं हे बघत होता. काउंटरवर सात कुलपं मांडली होती, नव्या घरांच्या दारांना बसवतात तसली भारी. गुंडोपंत एकेक उचलायचे, डोळे मिटायचे, मान डावीकडे कलती करायचे आणि अगदी हळू चावी फिरवायचे. वय शहात्तर, अंगात इस्त्रीचा बुशकोट, खिशाला अजूनही एक पेन आणि सहा इंची पोलादी पट्टी. सातवं कुलूप त्यांनी खाली ठेवलं.

"हे नको. हे काही बोलतच नाही."

"कुलूप बोलायला कशाला पाहिजे, सार?" गुरुप्रसाद कन्नडमध्ये म्हणाला. "सगळ्यात वरचा माल आहे हा. लोण्यासारखा फिरतो. आवाज होत नाही म्हणून तर लोक मागून नेतात."

"माझ्या बायकोला ऐकू आलं पाहिजे."

"अम्मांना कमी ऐकू येतं का?"

"कान शाबूत आहेत. डोळे गेलेत."

गुरुप्रसादच्या ओठावरचं हसू तिथल्या तिथे विरलं. त्यानं स्टूल पुढे सरकवलं आणि समोरच्या हॉटेलाकडे बघून दोन बोटं वर केली. एक बाय-टू कॉफी आली, एकाच कॉफीचे दोन अर्धे पेले. अर्धा पेला गुंडोपंतांच्या हातात देत तो म्हणाला, "आधी बसा. मग काय झालं ते सांगा. त्याशिवाय मी कुलूप विकणार नाही."

काय झालं ते सांगायचं तर आधी गुंडोपंत कोण ते सांगायला हवं.

बेळगावहून हा माणूस एक्काहत्तर साली बंगळूरला आला आणि यंत्रं बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात टूलरूमचा इन्स्पेक्टर झाला. केसाच्या दहाव्या भागाइतकी चूक पकडायची, तुकड्याला पितळी बिल्ला बांधायचा, बिल्ल्यावर नंबर ठोकायचा, हे त्यांचं काम. पण त्यांचा खरा जन्म संध्याकाळी साडेसहाला व्हायचा. 'रंगसोबती' नावाची हौशी मराठी नाटकमंडळी होती. तिच्या विंगेत गुंडो हेब्बाळकर चाळीस वर्षं राबले, आणि प्रेक्षकांनी त्यांचं तोंड एकदाही पाहिलं नाही.

ते दारं करायचे. नाटकातलं दार म्हणजे लाकडाच्या चौकटीवर ताणलेलं रंगवलेलं कापड. त्याला ना कडी ना कुलूप. नट नुसतं मनगट फिरवायचा आणि आवाज विंगेतून यायचा. त्यासाठी गुंडोपंतांनी एक पाटी केली होती. दोन हात उंच, शिसवी, तिच्यावर कडी, साखळी, अडसर, बोल्ट आणि लॅच ठोकलेलं. विंगेत अंधारात उभं राहून नटाच्या मनगटावर नजर लावायची आणि नेमक्या क्षणी खट्‌! कधी एक पळ इकडे नाही की तिकडे नाही. त्यातही त्यांची करामत अशी, की प्रत्येक पात्राचं लॅच वेगळं वाजायचं. सासरे आले की जड, तोऱ्यातलं. चोरून भेटायला येणारा आला की अर्धवट वाजून थबकणारं. टाळ्या नटांना मिळायच्या. मिळू देत. ज्यांनी त्या विंगेत उभं राहून ते मनगट पाहिलंय, त्यांना ठाऊक आहे अर्ध्या टाळ्या कुणाच्या होत्या.

अलका तिथेच भेटली. नायिकेची कामं करायची. दाराकडे पाठ करून उभं राहायचं आणि कोण आलं हे न बघता ओळखून चेहरा बदलायचा, ही तिची खासियत. ती म्हणायची, "मला वळावं लागत नाही. गुंडो सांगतो ना कोण आलंय ते." कापडी दारामागच्या माणसावर तिनं असा विश्वास टाकला आणि पुढे त्याच्याशी लग्नच केलं. अठ्ठ्याऐंशी साली जे. पी. नगरला घर बांधलं तेव्हा समोरच्या सागवानी दाराला गुंडोपंतांनी पाटीवरच्यासारखंच लॅच बसवलं. बाहेरून चावी, ओढलं की आपोआप बंद, आणि आवाज असा खणखणीत की मागच्या न्हाणीघरात ऐकू जावा. बाहेरून ते आले, की अलका स्वयंपाकघरातून पाठ न वळवता म्हणायची, "आलात?"

काचबिंदूनं आधी डावा डोळा गेला. उजव्यानं अंधुक दिसायचं. पण घर तिला पाठ होतं. हॉलमधून स्वयंपाकघर अकरा पावलं, देवघर सात. आणि दार तर कानातच होतं. लॅचच्या आत वर करायची एक खिटी होती. ती लावली की बाहेरची चावी चालत नसे. पण अलकाला उठून यावं लागू नये म्हणून गुंडोपंतांनी ती कधी लावू दिली नाही. प्रेमापोटीच की!

तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार. गुंडोपंत रक्त तपासायला गेले होते. सकाळी दोघांचं वाजलं होतं, डोळ्यांत घालायच्या थेंबांवरून. अलका ते घालत नव्हती आणि का घालत नाही ते सांगत नव्हती. गुंडोपंत घुश्शातच बाहेर पडले. ती हॉलमध्ये मेथी निवडत बसली.

अकराच्या सुमाराला लॅच वाजलं. खट्‌.

"आलात? इतक्यात?"

उत्तर नाही. घुस्सा उतरला नसेल, तिनं मनात म्हटलं. गुंडो मुळात अबोल माणूस. रागावला की दोन-दोन दिवस अबोल. ती मेथीची काडी खुडत राहिली आणि मग, कोण जाणे कसा, तिचा बांध फुटला.

"अहो, ऐका. थेंब घालून उपयोग नाही हो आता. उजव्यानंही दिसत नाही. पंधरा दिवस झाले. काळोखच आहे सगळा. तुम्हाला सांगवेना मला. तुम्ही कोलमडाल."

पलीकडे शांतता. मग बेडरूममधलं कपाट उघडल्याचा आवाज आला. औषधाचे कागद बघत असतील, तिला वाटलं. देवघरात काहीतरी खणखणलं. ती म्हणाली, "बोलू नका, पण चहा तरी ठेवा. मलाही टाका अर्धा कप." जरा वेळानं लॅच पुन्हा वाजलं, या वेळी फार हलक्या हातानं. बाहेर जाऊन डोळे पुसत असतील, असं समजून तिनं पदर तोंडाला लावला.

अर्ध्या तासानं लॅच तिसऱ्यांदा वाजलं.

"पुन्हा कुठे गेला होतात?"

"पुन्हा?" गुंडोपंत दारातूनच म्हणाले. "मी आत्ता येतोय."

मेथीची जुडी तिच्या मांडीवरून घसरली.

देवांची चांदी गेली, कपाटातल्या दोन पाटल्या गेल्या, गुंडोपंतांचं निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ गेलं. त्याचं दुःख दोघांनी आठ दिवसांत गिळलं. अलकाला डाचत होतं ते वेगळंच. जे नवऱ्याला सांगायला तिला पंधरा दिवस धीर झाला नव्हता, ते तिनं एका परक्या माणसाला सांगून टाकलं होतं, आणि त्यानं ते उभं राहून, गुपचूप, ऐकून घेतलं होतं. रडता रडता ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या आधी त्याला कळलं हो."

त्या दिवसापासून तिचा कानांवरचा भरवसा उडाला. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायला लावली आणि दिवसभर तिथे बसून राहायला लागली. बसून बसून पाय सुजले. लॅच वाजलं की दचकायची. गुंडोपंतांनी खांद्यावर हात ठेवला तरी दचकायची. "आधी बोला. काहीतरी बोला म्हणजे मला कळेल." आणि गुंडोपंतांना, जन्मभर विंगेत राहिलेल्या माणसाला, ऐन वेळी शब्दच सुचायचे नाहीत.

पोलीस आले, त्यांनी दार पाहिलं. ओरखडा नाही, चौकट शाबूत. "चावीनं उघडलंय. घरात कामाला कोण येतं?"

कस्तुराबाई यायची. कलबुर्गीकडची, अकरा वर्षं या घरात. तिच्याकडे एक चावी होती. मुलगा अजित सर्जापूर रोडहून धावत आला होता. त्यानं तिला समोर उभं करून विचारलं. आवाज चढवला नाही, पण चावी कुणाला दिली होतीस का, घरी कोण कोण असतं, मुलगा काय करतो, असं एकामागून एक विचारत गेला. गुंडोपंत खाली बघत होते. अलका खुर्चीत गप्प. कस्तुराबाईनं कमरेची चावी काढून टेबलावर ठेवली. "सरी अण्णा," बरं आहे, एवढंच ती गुंडोपंतांना म्हणाली आणि चपला घालून गेली. पुन्हा आली नाही.

अजित वाईट मुलगा नव्हे. भेदरलेला होता. पुढच्याच रविवारी बोटाच्या ठशावर उघडणारं महागडं कुलूप घेऊन आला.

"आई, चावीची भानगडच नाही. फक्त बोट ठेवायचं."

अलकानं बोट ठेवलं. बहात्तराव्या वर्षापर्यंत भांडी, पीठ, विळी, कपडे करून त्या बोटांवरच्या रेघा झिजून गेल्या होत्या. यंत्र इंग्रजीत काहीतरी नको म्हणालं. दुसरं बोट, तिसरं बोट. पाचव्या खेपेला ते केकाटायला लागलं. तिनं हात पदराखाली ओढून घेतला.

"माझ्या घराला मीच ओळखीची नाही, अजू."

"अगं, सेटिंग असतं त्याचं—"

"ते परत घेऊन जा."

अजितनं खोका बंद केला. मग बाबांना अंगणात नेऊन म्हणाला, "एक महिना बघू, बाबा. आई एकटी राहू शकत नसेल तर तुम्ही दोघं माझ्याकडे. अकरावा मजला आहे, खाली सिक्युरिटी आहे. घर विकायचं नंतर बघू."

अकराव्या मजल्यावरची एकही भिंत अलकाच्या हाताला ओळखीची नव्हती. तिथे ती सुरक्षित राहिली असती, आणि सगळा दिवस एका खुर्चीत राहिली असती. गुंडोपंतांना हे स्पष्ट दिसत होतं. महिन्यातले सोळा दिवस संपले होते. आज समोरच्या घरातल्या बाईंना अलकाजवळ बसवून ते चिकपेटेत आले होते.

"म्हणून म्हणतो," अर्ध्या पेल्यातला शेवटचा घोट घेत ते गुरुप्रसादला म्हणाले, "जोरात बोलणारं कुलूप द्या."

गुरुप्रसाद पन्नाशीचा, वडिलांपासूनचं दुकान. त्यानं मान हलवली.

"सार, रागावू नका. तुमच्या लॅचचा आवाज कसा होता?"

"उत्तम."

"मग चोर आला तेव्हाही उत्तमच वाजलं ना? कुलपाला चावी कळते. माणूस कळत नाही."

चाळीस वर्षं गुंडोपंत लॅचला माणूस ओळखायला शिकवत होते. पण तिथे लॅचमागे ते स्वतः होते.

गुरुप्रसाद वाकला आणि खालच्या फळीवरून एक जुनाट खोका काढला. "हे बघा. दिसायला ओबडधोबड आहे म्हणून उठत नाही. ड्रिलनं भोक पडत नाही, आतला गज बोटाएवढा जाड. चावीच्या अंगावर ह्या खळ्या आहेत ना, त्यांची नक्कल कोपऱ्यावरचा चावीवाला करू शकत नाही. कार्ड दाखवल्याशिवाय कंपनीही दुसरी देत नाही. आणि दोन फेऱ्यांचं आहे. एका फेऱ्याला गज अर्धा जातो, दुसऱ्याला पूर्ण."

गुंडोपंतांनी कानाला लावलं. खट्‌. मग जरा खोल, खट्‌. जड, भरीव. आतल्या बाजूला एक गोल नॉब आणि त्याच्याखाली छोटी कळ.

"ही कळ दाबली की बाहेरून चावी घातली तरी फिरत नाही. कुणाचीही. तुमचीसुद्धा," गुरुप्रसाद म्हणाला. "आता एक सांगा. जुन्या लॅचच्या चाव्या बाहेर किती आहेत? चोरानं एक आणली म्हणजे ती कुठून तरी निघाली असणार."

टूलरूमच्या इन्स्पेक्टरला हा प्रश्न कुणी विचारायला लागू नये. चाव्या त्यांनी स्वतः कानस घेऊन घासल्या होत्या, प्रत्येकीवर नंबर ठोकला होता. ते बोटांवर मोजायला लागले. "पहिली माझ्याकडे. दुसरी अलकाकडे. तिसरी अजितकडे. चौथी कस्तुराबाईची, ती आता घरात आहे. पाचवी कॅलेंडरमागे."

"पाच झाल्या."

"सहा केल्या होत्या," गुंडोपंत म्हणाले.

सहावी चावी. 'रंगसोबती'चं शेवटचं नाटक. त्यात एका घरमालकाच्या कमरेला चाव्यांचा जुडगा होता. पत्र्याच्या खोट्या चाव्या नुसत्या किणकिणायच्या. खऱ्या चाव्यांचं वजन त्यांना येईना. म्हणून गुंडोपंतांनी घरातल्या जुन्या खऱ्या चाव्या जुडग्यात ओवल्या, त्यात सहा नंबरची. आणि त्याआधी हुबळीच्या एका प्रयोगात सामान हरवलं होतं, म्हणून प्रत्येक वस्तूला पितळी बिल्ला बांधायची त्यांची शिस्त. जुडग्यालाही बांधला. बिल्ल्यावर त्यांच्याच सुबक हातानं ठोकलेली अक्षरं होती. गुंडो हेब्बाळकर, घर नंबर, क्रॉस, जे. पी. नगर. सापडल्यास पोचवावे.

नाटकं बंद पडली. सामानाची पेटी एका सभासदाच्या गॅरेजात बारा वर्षं पडून होती. चार महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला, पेटीचं काय करू? आणि गुंडोपंत म्हणाले होते, "द्या भंगारात. कोण विचारतंय आता."

"सार? बरं नाही वाटत का?"

"पॅक करा हे," गुंडोपंत म्हणाले. पेला खाली ठेवून त्यांनी पाकीट काढलं.

परतीच्या मेट्रोत ते पिशवी मांडीवर घेऊन बसले. पुरावा काही नव्हता. पेटी कुठल्या भंगारवाल्याकडे गेली, जुडगा कुणाच्या हाती लागला, हे कधीच कळणार नव्हतं. पण मापात बसणारा तुकडा कोणता, हे त्यांना जन्मभर कळत आलं होतं. चोराला चावीही त्यांनीच दिली होती आणि पत्ताही. आणि दोषी ठरून गेली होती कस्तुराबाई.

घरी आल्यावर ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जुनं लॅच काढलं, पटाशीनं सागवानात नवी खाच घेतली, चौकटीत जाड पोलादी पट्टी लांब स्क्रूनं बसवली. वरती एक साखळीही लावली. अलका खुर्चीतून ऐकत होती. पटाशीचा आवाज ऐकून तिचा चेहरा दोनदा सैल झाला. बोलायची संधी ती होती. त्यांनी स्क्रू पिळत बसणं पसंत केलं.

फोनवर अजितला सांगितलं, तर तो उखडलाच. "बाबा, आतून अशी कळ दाबायची की तुम्हालाही आत येता येणार नाही? आणि आई आत पडली तर?"

"तर दार फोडू."

"बाबा!"

"दार पुन्हा करता येतं, अजित. मी जन्मभर तेच केलंय."

हे वाक्य बोलताना त्यांना बरं वाटलं. पण फोन ठेवल्यावर खोलीत अलका होती, कुलूप होतं, आणि न सांगितलेली सहावी चावी होती. एक दिवस गेला. दुसरा गेला. अलकाला त्यांनी नॉब शिकवला, तिची बोटं धरून कळ शिकवली. "चावी तुझ्याकडे ठेव, माझ्याकडेही एक आहे. पण मी बाहेर गेलो की तू कळ दाबायची. मी आलो की वाजवेन. उघडायचं की नाही, ते तू ठरवायचं."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर मी पायरीवर बसेन."

ती हसली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला त्यांनी चपला घातल्या. चोरीनंतर प्रथमच तिला एकटं सोडणार होते ते, फक्त बागेपर्यंत जाऊन येण्यापुरतं. बाहेर आले. मागे दार लागलं. खट्‌. खट्‌. मग साखळी, आणि कळेचा बारीक आवाज. त्यांनी खिशातली चावी हळूच घालून पाहिली. फिरेना. स्वतःच्या घराच्या बाहेर उभं राहून त्यांना वाटलं, काम चोख झालंय.

बागेत त्यांचं लक्ष लागेना. एक फेरी मारून पंधरा मिनिटांत परत आले आणि दार वाजवलं. तीन ठोके, सावकाश.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज. पावलं. पावलं थांबली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"गुंडो."

ती दाराला अगदी चिकटून उभी होती. तिचा श्वास त्यांना ऐकू येत होता. "आणखी बोला," ती म्हणाली. "नाव कुणालाही ठाऊक असतं. तुमचंच, फक्त तुमचं, असं काहीतरी बोला."

आयुष्यात कधी रंगमंचावर न आलेला तो माणूस स्वतःच्या दारापुढे उभा होता, आणि विंगेतून कुणी वाक्य सुचवणार नव्हतं. समोरच्या घरातली बाई गच्चीवरचे कपडे काढता काढता बघायला लागली होती. गुंडोपंतांनी कपाळ सागवानाला टेकवलं.

"अलका, चावी मी दिली."

"घरमालकाचा जुडगा आठवतो? शेवटच्या नाटकातला. खऱ्या चाव्या घातल्या होत्या मी, आवाजासाठी. त्यात आपल्या दाराची होती. वर पत्त्याचा बिल्ला बांधला होता. ती पेटी भंगारात द्यायला मीच सांगितलं. तो माणूस माझ्या चावीनं, माझ्या पत्त्यावर आला. कस्तुराचा काही संबंध नाही. मला हे कळलंय आणि तरी मी बोललो नाही."

समोरची बाई आत गेली. मग अलका म्हणाली, "कधी कळलं?"

"तीन दिवस झाले."

"मी पंधरा दिवस लपवलं. तुम्ही तीन." मग ती म्हणाली, "पण माझ्या लपवण्यात दुसऱ्या कुणाचं नाव खराब झालं नव्हतं."

"नाही."

कळ सुटली. खट्‌. पहिला फेरा. गुंडोपंत सरसावले. पण दुसरा फेरा वाजेना.

"आधी कस्तुराला फोन लावा. तिथूनच. मला ऐकू येईल असा."

त्यांनी पायरीवर बसून फोन लावला, स्पीकर मोठा केला. बऱ्याच वेळानं पलीकडून आवाज आला, "यारु? कोण?"

"मी, कस्तुरा. अण्णा. जे. पी. नगर."

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"चावी माझ्या हातून बाहेर गेली होती. तुझी काही चूक नव्हती. अजितनं तुला विचारलं ते चुकलं, आणि मी खाली बघत बसलो ते त्याहून चुकलं."

"अण्णा," कस्तुराबाई सावकाश म्हणाली, "तुमचा लेक आज हाय, उद्या त्याच्या घरी. त्याचं मला काय नाय वाटलं. पण अक्कांच्या डोळ्यांत मी अकरा वर्सं थेंब घातले. अक्का त्या दिवशी एक शब्द बोलल्या असत्या, तर मी गेले नसते."

गुंडोपंतांनी दाराकडे पाहिलं. दार तेवढंच बंद होतं.

"येशील का परत?"

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

येईल की नाही, हे त्या शब्दावरून सांगता आलं नसतं. आत अलका रडत होती. तिच्या रडण्याला आवाज नसे, नाटकातही नसायचा, फक्त श्वास तुटायचा. तो तुटणारा श्वास ते ऐकत राहिले. घाई करावीशी वाटली नाही. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या मनगटाची वाट पाहिली होती.

खट्‌.

दुसरा फेरा. दार साखळीपुरतं उघडलं, चार बोटांची फट. त्या फटीतून तिचा हात बाहेर आला, अंदाज घेत, हवेत चाचपडत. गुंडोपंतांनी आपला हात पुढे केला. तिनं त्यांचा अंगठा शोधला. कानशीनं झालेला जुना व्रण अंगठ्याच्या बुडाशी होता, त्यावरून तिनं बोट फिरवलं, दोनदा. मग हात आत गेला आणि साखळी निघाली.

ते आत आले. तिनं स्वतः दार लावलं. खट्‌, खट्‌, आणि कळ. दारावर तळवा टेकून ती जरा वेळ तशीच उभी राहिली.

"रोज असंच करायचं?"

"रोज."

"तुम्हाला राग नाही येणार? स्वतःच्या घराबाहेर ताटकळत?"

"विंगेत उभं राहायची सवय आहे मला."

ती खुर्चीकडे गेली. पावलं मोजत होती, ओठ हलताना दिसत होते. बसली. खुर्चीचं तोंड अजून दाराकडेच होतं. गुंडोपंत चहाचं आधण ठेवायला वळले, आणि वळताना त्यांना आठवलं, की चोरालाही तिनं अर्धा कप मागितला होता. त्यांचा पाय उंबऱ्यातच थांबला.

"अहो," ती मागून म्हणाली, "बोलत बोलत करा चहा. काहीही बोला."

"काय बोलू?"

"काहीही. कुलूप कुठे घेतलं ते सांगा." आणि मग खुर्चीच्या हातांवर चाचपत, "आणि आधी ही खुर्ची फिरवा. खिडकीकडे. सगळी नको हं."

"किती?"

"स्वल्प," ती म्हणाली.

त्यांनी खुर्ची स्वल्प फिरवली.